एकदा भाषेमुळे बाद, एकदा तारखेमुळे बाद: टेबलटॉप आरपीजी पुरस्कार देणाऱ्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्सचे पुरस्कार चालवणाऱ्या सगळ्या कमिट्या, त्यांचे जज आणि व्हॉलंटियर

नमस्कार मंडळी,

मी पुण्याची. आमचा एक ग्रुप बरीच वर्षं शनिवारी संध्याकाळी जमून टेबलटॉप आरपीजी खेळतो आणि त्यातल्याच आम्ही चौघांनी मिळून मराठीत एक छोटा गेम लिहिला. या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला मेलने पाठवली आहे, पण हे इथे मराठीत टाकतेय कारण मराठीत गेम लिहू पाहणारी पोरं आता बऱ्यापैकी आहेत आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांनाही आधीच कळलेलं बरं.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगतात, जिथं पुढे काय होईल याची खात्री नसते तिथं फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तिथून हे सगळं सुरू झालं, आता जगभरातले लोक आपापल्या मातीतल्या गोष्टींचे गेम लिहितात, काही शेकडो पानांचे तर काही एका पानाचे. आणि त्यांना पुरस्कारही आहेत. त्यातले सगळ्यात माहितीतले म्हणजे एनीज, २००१ पासून चालू, फॅन लोकांनीच उभे केलेले, पब्लिकने निवडलेले जज नॉमिनेशन ठरवतात आणि मग पब्लिकच मत देते, समारंभ अमेरिकेत इंडियानापोलिसला, जेन कॉन या गेम्सच्या मोठ्या मेळाव्यात. त्याशिवाय लहानमोठे कितीतरी पुरस्कार आहेत जे लोक आपली नोकरी सांभाळून, रात्री जागून चालवतात. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहितेय, ज्यांच्याकडून काही अपेक्षाच नाही त्यांना कोण कशाला पत्र लिहील.

आता जे झालं ते सांगते. नाव घेत नाही कारण एका कमिटीला पकडून बोलायचा हेतू नाही, अशाच अटी मी इतरही ठिकाणी वाचल्यात.

आमचा गेम आधी मराठीत आला. तो एका पुरस्काराला पाठवला, तिथं लिहिलेलं होतं की जगातल्या कुठल्याही डिझायनरला खुला, आणि भाषेबद्दल नियमांत एक शब्द नव्हता. उत्तर आलं की जजना मराठी येत नाही त्यामुळे विचार करता येणार नाही. ठीक आहे, अडचण समजू शकते. मग आम्ही बसून तो इंग्रजीत केला, नुसता अनुवाद नाही, नियम परत खेळून बघितले, उदाहरणं बदलली, शब्दसूची जोडली, यात बरेच महिने गेले. पुढच्या सायकलला, म्हणजे पुरस्काराच्या पुढच्या फेरीला, इंग्रजी आवृत्ती पाठवली. उत्तर आलं की हा गेम पहिल्यांदा आधीच्या वर्षी प्रकाशित झालेला आहे त्यामुळे या वर्षी तो पात्र नाही.

म्हणजे मराठीत होता तेव्हा भाषेमुळे बाद आणि इंग्रजीत आला तेव्हा तारखेमुळे बाद. दोन्ही नियम सुटेसुटे वाचले तर चुकीचे वाटत नाहीत, पण एकत्र ठेवले की त्यांचा अर्थ असा होतो की जो माणूस आधी स्वतःच्या भाषेत लिहितो त्याला तुमच्याकडे कधीच यायला मिळणार नाही, त्याचं काम चांगलं की वाईट हा प्रश्न निघायच्या आधीच तो बाहेर. मी मेल करून विचारलं की मग आम्ही नेमकं कुठल्या वर्षी पाठवायला हवं होतं. त्याला उत्तर आलं नाही.

आणि हे सोडवता येत नाही असंही नाही. ह्यूगो पुरस्कार बघा, सायन्स फिक्शनचे, तेही फॅन लोकांचेच, व्हॉलंटियरच चालवतात. त्यांच्या नियमांत सरळ लिहिलंय की मूळ दुसऱ्या भाषेतलं काम पहिल्यांदा इंग्रजी अनुवादात येतं त्या वर्षीही ते पात्र धरायचं. लिउ त्सिशिन यांची चिनी कादंबरी २००८ साली पुस्तक म्हणून आली, केन लिउ यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१४ ला आला आणि २०१५ चा ह्यूगो तिला मिळाला. तुमच्यासारखा नियम तिथं असता तर ती कादंबरी मतपत्रिकेवरसुद्धा आली नसती. एका वाक्याचा नियम आहे हो, कॉपी करून घ्या, कोणी काही म्हणणार नाही.

दुसरी तक्रार कारण नीट उलगडून न सांगण्याची, आणि तिथंही ह्यूगोचंच उदाहरण देते, पण उलट बाजूने. २०२३ चे ह्यूगो चीनमध्ये चेंगडूला झाले, जानेवारी २०२४ मध्ये नॉमिनेशनचे आकडे बाहेर आले तेव्हा कळलं की आर. एफ. क्वांग यांची कादंबरी आणि शिरान जे झाओ यांच्यासारखे लेखक 'अपात्र' म्हणून काढून टाकले होते, आणि का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यावरून जो गदारोळ झाला तो सगळ्यांनी बघितला, लोकांना राजीनामे द्यावे लागले. इतक्या वर्षांचा विश्वास एका न सांगितलेल्या कारणापायी जातो. याच्या शेजारी आमच्या पुण्यातली गोष्ट ठेवते. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजच्या पोरांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासूनची, इथं तिचं काय वजन आहे ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. २०२२ ला परीक्षकांनी ठरवलं की करंडकाच्या लायकीची एकही एकांकिका झाली नाही आणि करंडक कुणालाच दिला नाही. केवढा वाद झाला, आमच्याच ग्रुपमध्ये भांडणं झाली, मला स्वतःला तो निर्णय आजही पूर्ण पटलेला नाही, पण परीक्षकांनी स्टेजवरून आणि नंतरही आपलं म्हणणं मांडलं, नावानिशी मांडलं. निर्णय पटला नाही तरी भांडायला समोर काहीतरी होतं. तुमच्याकडून आलेल्या दोन ओळींच्या मेलशी भांडायचं तरी कसं?

तिसरी गोष्ट श्रेयाची, ती जरा सविस्तर सांगते कारण ती माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे.

आमचा गेम तमाशाच्या फडाबद्दल आहे. खेळणारे सगळे एकाच फडातले कलाकार, कुणी ढोलकीवाला, कुणी सोंगाड्या, कुणी नाचणारी, कुणी ट्रक चालवणारा आणि तंबू ठोकणारा. नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिटीचे लोक येऊन सुपारी ठरवतात, कुठल्या गावची घ्यायची आणि कुठली सोडायची इथून गेम सुरू होतो, कारण पैसे जास्त देणारं गाव आणि बायांना नीट वागवणारं गाव एकच असेल असं नाही. मग प्रत्येक सेशनचे चार भाग, गण, गवळण, बतावणी आणि वग, तमाशात असतात तसेच. गणाच्या वेळी फासे टाकायचेच नाहीत, आजची रात्र कशी जावी ते प्रत्येकाने एकेका वाक्यात मागायचं. गवळणीत मावशीचं पात्र दर वेळी वेगळ्या खेळाडूकडे जातं. बतावणीत एकदा पडलेला फासा बदलता येतो, पण टेबलावरच्या माणसांना खरोखर हसवलं तरच. आणि वगात फडाची दिवसभरातली भानगड आणि स्टेजवरची गोष्ट एकमेकांत मिसळतात. हे आम्ही खेळताखेळता बसवलंय आणि माझ्या मते ते उत्तम चालतं, टेबलावर लोक रडलेत आणि लोटपोट हसलेतही.

हे लिहिताना आम्हाला एका ज्येष्ठ बाईंनी मदत केली ज्यांचं अर्धं आयुष्य फडात गेलं. कुठल्या क्रमाने सामान उतरतं, पाऊस आला तर आधी काय झाकायचं, प्रेक्षकांतून कुणी शिट्टी मारून घाण बोललं तर स्टेजवरून त्याला कसं गप्प करायचं, हे सगळं त्यांचं. त्या नसत्या तर गेम झाला नसता, म्हणून कव्हरवर आमच्या चौघांच्या बरोबरीने त्यांचं नाव आहे. तुमच्या फॉर्ममध्ये डिझायनर, लेखक, चित्रकार, संपादक, प्रकाशक एवढ्याच जागा. त्यांचं नाव कुठं लिहायचं विचारलं तर सांगितलं की 'स्पेशल थँक्स' पुस्तकात असतंच, फॉर्ममध्ये लागत नाही. माझं म्हणणं आहे की लागतं. ज्यांच्या जगण्यावर गेम उभा आहे त्या माणसांना पुरस्काराच्या यादीत जागा नसेल तर आपण सर्वसमावेशक हा शब्द वापरूच नये. तमाशातल्या बायकांची कला आजवर किती जणांनी आपल्या नावावर खपवली हे महाराष्ट्राला नवीन नाही, निदान नव्या माध्यमात तरी ते परत नको. अनुवादकाचंही तेच. इंग्रजी आवृत्ती ज्याने केली त्या आमच्या मित्राने बतावणीतले विनोद अक्षरशः नव्याने लिहिलेत, त्यालाही फॉर्मात जागा नाही.

आणि संदर्भ फार स्थानिक आहेत, सगळ्या वाचकांना भिडणार नाहीत, असा शेरा आमच्या इंग्रजी प्रतीवर एका ठिकाणाहून आला होता. यावर मला शांतपणे पण स्पष्ट सांगायचंय. मी टॅव्हर्न म्हणजे काय ते पुस्तकात वाचून शिकले. बॅरन, ड्यूक, मठातले मंक, चेनमेल आणि प्लेटमेलमधला फरक, हे सगळं आम्ही पुण्यात बसून शिकलो आणि त्यात आम्हाला मजाच आली, कुणी आम्हाला म्हटलं नाही की हे फार युरोपियन आहे. आमच्याकडच्या गोष्टी तुमच्या टेबलावर तशा पहिल्यापासून आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकात राक्षस आहे, चित्रात त्याला वाघाचं डोकं आहे आणि तो पाइप ओढत बसलाय. त्यांच्याच १९८० च्या डीटीज अँड डेमीगॉड्समध्ये इंद्र, अग्नी, काली हिट पॉइंट्ससकट, म्हणजे किती मार खाऊन मरतील त्या आकड्यासकट, छापलेत. तेव्हा ते स्थानिक वाटलं नाही, चालून गेलं. आता तीच माणसं स्वतः लिहायला लागली, आपल्या शब्दांत, तर ते कळायला अवघड कसं काय होतं? तुमच्या जजपैकी कुणी तमाशा बघितलेला असावा अशी माझी अपेक्षा नाही. पण ज्या संस्कृतीतलं काम आलंय ती माहीत असणाऱ्या एका तरी माणसाला विचारून मग शेरा लिहावा एवढी आहे.

पैशापाण्याच्या गोष्टी भराभर सांगते. काही पुरस्कार प्रत्येक जजला छापील प्रत मागतात. पुण्याहून अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, कॅनडात एकेक प्रत कुरियरने पाठवायला जे पैसे लागतात त्यात आमची अख्खी आवृत्ती छापून होते, आणि २०२५ मध्ये तर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पोस्टाने अमेरिकेची जवळपास सगळी पार्सलं घेणंच बंद केलं होतं, अशा वेळी आमच्यासारख्याने काय करायचं ते कुठल्याच नियमात नसतं. छापील प्रत नाही तर प्रॉडक्शनच्या, म्हणजे छपाई-बांधणीच्या, कॅटेगरीत घेऊ नका, हरकत नाही, पण लेखनाच्या आणि नियमांच्या कॅटेगरीत पीडीएफ का चालू नये?

मतदानाचंही तसंच. पब्लिक मतदान म्हणजे ज्याची मेलिंग लिस्ट मोठी त्याला मतं जास्त, आणि मेलिंग लिस्ट बहुतेक वेळा क्राउडफंडिंगमधून, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्यातून येते. त्यासाठीची जी किकस्टार्टर वेबसाइट आहे तिच्यावर ज्या देशांतून प्रोजेक्ट टाकता येतो त्या यादीत भारत नाही. म्हणजे इथला डिझायनर त्या शर्यतीत उतरायच्याच आधी मागे. मतदान बंद करा असं मी म्हणत नाही, लोकांचा पुरस्कार लोकांनीच ठरवावा हे मला मान्य आहे, पण निदान अर्धं वजन तरी गेम वाचून खेळून बघणाऱ्या जजच्या मताला असावं.

लेआउटबद्दल एकच, पण ते नियम लिहिणाऱ्यांनी नीट वाचावं. तुमच्या अपलोड पानावर गेमच्या मूळ नावाची जागा आहे, तिथं देवनागरी टाकलं की चौकोन दिसतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते, हे आम्हाला माहीत असतं, आम्ही ते निस्तरतो, मुक्तासारखा चांगला मोफत युनिकोड फॉन्ट वापरतो, स्क्रीन रीडरने वाचता येईल अशी पीडीएफ करतो कारण आमच्या ग्रुपमधल्या एकाला दिसत नाही आणि त्याला ती ऐकूनच वाचावी लागते. एवढं करून कमिटीच्याच पानावर आमच्या गेमचं नाव चौकोनात. आणि अशी ऐकता येणारी पीडीएफ दिली की नाही हे तुम्ही विचारतही नाही. समावेश म्हणताना अंध खेळाडू त्यात येतात ना?

एआयबद्दल वेगळं लिहायला हवं. एनीजने २०२५ मध्ये जाहीर केलं की पुढच्या सायकलपासून जनरेटिव्ह एआयने केलेला मजकूर किंवा चित्रं असलेलं काम घेणार नाही. मी या निर्णयाच्या पूर्ण बाजूने आहे, आमची चित्रं ज्या मुलीने हाताने काढलीत तिचे पैसे आम्ही हप्त्यांनी दिलेत, तिच्या शेजारी मशीनचं चित्र उभं राहायला नको. पण बाकीच्या छोट्या कमिट्यांनी असे नियम करताना एक लक्षात घ्या, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही ते व्याकरण तपासायचं टूल वापरतात, आणि आमच्या वाक्यांची चाल थोडी वेगळी असते म्हणून लगेच संशय घेतला जातो. रेष कुठं आहे ते उदाहरणं देऊन लिहा, संशय आला तर आधी आमचे कच्चे मसुदे मागा, आम्ही देऊ.

भाषा इतक्या, जज कुठून आणायचे, हा तुमचा प्रश्न येणार हे मला माहीत आहे आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. त्याचं उत्तर आमच्याकडे तयार आहे कारण आम्ही अशाच देशात राहतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत आधी प्रादेशिक पॅनेल सिनेमे बघतात आणि त्यातले निवडून सेंट्रल ज्युरीकडे जातात. १९५४ साली ते पुरस्कार पहिल्यांदा दिले तेव्हा सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला, मराठी सिनेमाला, आणि भाषा येत नाही म्हणून कुणी तो परत पाठवला नाही. राज्य नाट्य स्पर्धेत आधी गावोगावच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, मग अंतिम, मराठीशिवाय हिंदी आणि संस्कृत नाटकांची स्पर्धा वेगळी होते, दिव्यांग मुलांच्या बालनाट्याचीही होते. हे सरकारी खर्चाने चालतं, तुमच्याकडे तेवढा पैसा नाही, कबूल. पण एका भाषेसाठी दोन वाचक शोधायला पैसा लागत नाही, विचारावं लागतं. मी स्वतः मराठीसाठी फुकट वाचायला तयार आहे, अर्थात ज्या वर्षी आमचं काम नसेल त्या वर्षी.

आणि कृपा करून 'जगभरातले आवाज' छापाची वेगळी कॅटेगरी काढून आम्हाला तिथं बसवू नका. आमच्या ग्रुपमध्ये यावर दोन मतं आहेत, एकाचं म्हणणं काहीच नसण्यापेक्षा ते बरं. मला ते पटत नाही. २०२० च्या एनीजमध्ये स्वीडनच्या मोर्क बोर्ग या गेमने मुख्य कॅटेगऱ्यांमध्ये बक्षिसं घेतली, त्याला कुणी परदेशी कोपऱ्यात बसवलं नाही, बसवायलाही नको होतं. आम्हालाही तसंच नियमांसाठी, लेखनासाठी तोला. हरलो तर हरलो.

तर मागण्या या आहेत. भाषेची अट असेल तर ती नियमांच्या पहिल्या ओळीत लिहा आणि पुरस्काराच्या नावातही 'इंग्रजी' शब्द घाला, जर्मनीचा बोर्ड गेम्सचा पुरस्कार श्पील देस यारेस जर्मन बाजारापुरता आहे हे तो उघड सांगतो आणि त्यामुळे कुणाचीच फसगत होत नाही. अट नको असेल तर मूळ भाषेतला गेम आणि त्यासोबत काही पानांचा इंग्रजी नमुना एवढ्यावर प्रवेशिका घ्या आणि ती भाषा येणारे वाचक नेमा. अनुवाद ज्या वर्षी येईल त्या वर्षी तो पात्र धरा, हे तर याच सायकलला करा, याला ना पैसा लागतो ना माणसं. जे बाद केलं त्याचं कारण लेखी द्या आणि त्यावर दाद मागायला पंधरा दिवस द्या. लेखनाच्या आणि नियमांच्या कॅटेगऱ्यांत पीडीएफ पुरेशी माना. फॉर्ममध्ये अनुवादक आणि सल्लागार यांच्यासाठी जागा करा आणि नावं ज्याच्या त्याच्या लिपीत दिसतील एवढं वेबसाइटवाल्याला सांगा. पुरस्कार मिळाला तर तो नुसत्या प्रकाशकाला नको, त्या सगळ्या नावांना मिळावा.

पुढच्या सायकलचे फॉर्म उघडायच्या आधी यातलं काय करणार आणि काय नाही ते जाहीर सांगा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण कारणासकट. जे उत्तर येईल ते, किंवा आलं नाही तर तेही, मी इथंच मराठीत टाकेन, म्हणजे यंदा जी मंडळी आपला पहिला गेम लिहितायत त्यांना तो आधी कुठल्या भाषेत काढायचा ते ठरवता येईल.

आपली,
पुण्यातल्या एका टेबलावर मराठीत खेळणारी आणि लिहिणारी